भिंतीला चिकटून उभी रिक्षा

धुळ्याच्या बस स्टँडवर उतरले, की मी याच रिक्षावाल्याला शोधते. बाकीचे फाटकाशी पॅसेंजरसाठी झोंबत असतात. याची रिक्षा मात्र पार पलीकडे, कॉलेजच्या मुलींनी रंगवलेल्या भिंतीला अगदी चिकटून. तिथवर कुणी फिरकत नाही. आधी मला तो आळशीच वाटायचा.

कुठं जायचं ते विचारायच्या आधी तो चित्र दाखवतो. सातपुड्यातली एक बाई बांबूची टोपली विणतेय.

"ताई, डोया देखा तिना! माले काही समजत नही, पन देखतच ऱ्हावाले वाटस."

मग स्वतःही मान तिरपी करून तिच्या डोळ्यांकडे बघत राहतो, जणू आत्ताच दिसली. दरवेळी हेच.

गेल्या आठवड्यात रिक्षा नव्हती. तो भिंतीपुढे उलट्या बादलीवर बसला होता.

"भाऊ, रिक्षा?"

"गॅरेजमा शे."

"मग घरी नाही का जायचं?"

त्यानं हनुवटीनं शेजारची भिंत दाखवली. पिचकाऱ्यांनी ती गुडघाभर लाल झाली होती.

"आठे कोनी नही ऱ्हायनं, त हाई बी तशीच व्हई जाई."

एरवी रिक्षामागे झाकलेला चित्राचा खालचा भाग मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. बाईचे अनवाणी पाय, अंगठ्याखाली दाबून धरलेली बांबूची कामटी. कुठं एक डाग नाही.

मी बॅग खाली ठेवली.

"भाऊ, तुम्ही चहा घेऊन या. तोवर मी उभी राहते."