सहीची बाजू

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या शेजारी एक इंग्रज चित्रकार राहायचा. एकेकाळी लंडनच्या गॅलऱ्यांत त्याची अमूर्त चित्रं लागायची. आता तो ऑफिसांच्या लॉबीत सोफ्याला मॅच होतील अशी चित्रं रंगवायचा. कुणी काहीही सुचवलं, की मान हलवून म्हणायचा, "फाइन, फाइन." मला त्याचा रागच यायचा.

त्यानं आमच्या ऑफिससाठी आणलेलं चित्र भिंतीला मोठं झालं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "थोडं कापलं तर?"

"फाइन," म्हणत त्यानं खिशातून कटर काढला आणि स्वतःच एक बाजू कापली. नेमकी सही असलेली.

"परफेक्ट!" बाई खूश.

पट्टी गुंडाळून निघताना तो मला म्हणाला, "कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस."

अजून कुणी विचारलेलं नाही.