खिडक्या निवडणारे पेडणेकर

हितेंद्र पेडणेकरांनी प्रेशर कुकर घ्यायला आठ महिने लावले होते. आठ महिने! तोवर त्यांची बायको दर्शना पातेल्यात डाळ शिजवत होती आणि हे लांब रजिस्टरात झाकणाचं रबर, हँडलची पकड, शिट्टीचा आवाज असे रकाने आखून बसले होते. निवड झाली तेव्हा तो कुकर कंपनीनं बनवायचाच बंद केला होता. मग दर्शना लालबागच्या मार्केटात गेली आणि दहा मिनिटांत दुसरा घेऊन आली. "बघ, माझ्या अभ्यासाचा उपयोग झाला ना?" असं वर हा गृहस्थ तिलाच म्हणाला. आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

लग्नाच्या वेळीही तेच. एकतीस मुली पाहून झाल्या, बत्तिसावी दर्शना. तिच्याही बाबतीत "विचार करून कळवतो" सुरू झालं, तेव्हा त्यांचे वडील कोंडीराम कांद्यापोह्यांची बशी खाली आपटून म्हणाले, "पुरे झाला! हीच!" दर्शनाला पेडणेकरांनी कधी निवडलंच नाही. हे तिला पहिल्याच वर्षी कळलं, आणि पुढे पुढे तर तिला ते बरंच वाटायला लागलं.

कोंडीराम म्हणजे मिलच्या साचेखात्यातला माणूस. संप होईपर्यंत बावीस वर्षं त्यांनी जॉबर नावाच्या मुकादमाच्या हाताखाली साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी परळच्या घरात खिडकीजवळच्या खाटेवर बसून असतात. घरात कोण काय बोलतं यातलं त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. दिसतं मात्र सगळं.

त्यांच्या या चिरंजीवांनी विमा कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात छत्तीस वर्षं काढली. तिथं ते काय करत? आलेल्या कागदावर 'पर्यायांचा विचार व्हावा' असा शेरा मारून कागद वर पाठवत. तेवढ्या पुण्याईवर निवृत्तीनंतर ते आपल्या इमारतीतल्या अख्ख्या मजल्याचे कॉम्प्युटरतज्ज्ञ झाले. त्यांचा सल्ला घेतलेल्या एकाही माणसाचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्याचं मजल्यावर कुणाला आठवत नाही.

घरातला कॉम्प्युटर सतरा वर्षांचा. गाणी लावली की गाणी वाजायची, पत्र टाइप करायला घेतलं की पत्र व्हायचं. दोन्ही एकदम उघडलं की पडद्यावर गोल चाक फिरत राहायचं आणि सगळं ठप्प. कुणाचं काही अडत नव्हतं तोवर हे ठीक होतं.

अडलं ते दर्शनाचं. गिरणी कामगारांच्या आठवणी जमवणाऱ्या एका संस्थेची स्पृहा नावाची मुलगी कोंडीरामांना रेकॉर्ड करायला आली होती. प्रश्न ती कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरायची आणि मग रेकॉर्डिंगसाठी मोठ्यानं वाचायची. म्हाताऱ्याच्या मालवणीपुढे मात्र तिनं हात टेकले. दर्शना शेजारी बसून अर्थ सांगत गेली, तेव्हा स्पृहा म्हणाली, "काकू, ही रेकॉर्डिंगं ऐकून तुम्हीच टाइप करून द्याल का? बारा आहेत. आधी आजोबांचं नमुना म्हणून करा. तीस तारखेपर्यंत आलं तर बाकीची तुमचीच. नाहीतर वडाळ्याच्या एका बाई विचारतायत."

छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी दर्शनाला 'तुम्हीच' म्हणून काम विचारलं होतं. तिला ते हवं होतं. मनापासून हवं होतं. पण रेकॉर्डिंग इंटरनेटवरून ऐकायचं आणि टाइप करायचं पान शेजारी उघडं ठेवायचं, म्हणजे पुन्हा तेच गोल चाक.

"यात तू पडू नकोस," पेडणेकर खुलले. "जुन्या मशीनवर दोन खिडक्या एकदम चालवणारं हलकं सॉफ्टवेअर निवडावं लागेल. अभ्यासाचा विषय आहे हा."

झालं! रजिस्टर निघालं, लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं निघाली. लिनक्सचेच चौदा प्रकार, त्यातल्या प्रत्येकाच्या खिडक्या उघडणारी सॉफ्टवेअरं वेगळी, त्या प्रत्येकाला मेमरी किती लागते याचा रकाना वेगळा. पेनड्राइव्हवरून एकेक चालवून बघायचं आणि नापास करायचं. एकाच्या खिडकीचे कोपरे गोल नव्हते. एकाचं घड्याळ डावीकडे होतं. अरे, बायकोला टाइप करायचंय की घड्याळ पुसायचंय?

सकाळी सहाच्या बसनं ते शिवाजी पार्कला फिरायला जात. परळला काय फिरायला जागा नाही? पण तिथल्या कट्ट्यावर जगदीश कर्णिक नावाचे निवृत्त इंजिनिअर भेटत, आणि शिकलेल्या माणसाशी बोललं की पेडणेकरांना आपणही ठेंगणे नाही असं वाटे. तिथून ते रोज एक नवा रकाना घेऊन परत येत. महिन्याची दहा तारीख उजाडली. दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बोलून तोंडाची वाफ कोण दवडणार?

टाइप नाही तर नाही, निदान ऐकावं तरी, म्हणून त्या सकाळी ते बसला गेल्यावर तिनं नुसतं रेकॉर्डिंग लावलं. स्पृहा विचारत होती, "आजोबा, दोन साचे एकदम कसे चालवायचात?"

म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत आला. "एकाच साच्यार दोन कापडां कोण इणता गो? साचे दोन आसत, माणूस एक. एक थांबलो काय दुसऱ्याकडे बघूचा. त्यात काय मोठा?"

दर्शनानं कपाळावर हात मारून घेतला. फ्रिजवर तिचा मोबाइल पडला होता. तो खाली घेतला, त्यावर रेकॉर्डिंग उघडलं, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला, आणि कॉम्प्युटरवर एकटं टाइपचं पान उघडलं. डाव्या अंगठ्यानं आवाज थांबवायचा, दोन्ही हातांनी टाइप करायचं, पुन्हा अंगठा. चाक नाही, काही नाही. हे तिला आधी का सुचलं नाही? कारण घरातल्या तज्ज्ञानं हा कॉम्प्युटरचा प्रश्न आहे असं जाहीर केलं होतं, आणि तीही येड्यासारखी त्या डब्याकडे बघत बसली होती. तिला स्वतःचाही राग आला.

सकाळचे दोन तास आणि त्यांच्या वामकुक्षीचे दोन, एवढ्यात काम पळायला लागलं. समासात प्रत्येक मिनिटाचा आकडा घालत ती पुढे गेली. सोळाव्या मिनिटाला मात्र तिनं मोबाइल थांबवला, तीनदा मागे नेऊन ऐकलं, पदर तोंडाला लावून हसली, आणि एकही अक्षर न बदलता टाइप केलं.

पंधरा तारखेला सगळं स्पृहाला गेलं. सतराला उरलेली अकरा रेकॉर्डिंगं आली. दर्शनानं नवऱ्याला सांगितलंही, "अहो, माझं ते काम झालं." रजिस्टरातून मान वर न करता ते म्हणाले, "आधी सिस्टीम तर ठरू दे." मग तिनं पुन्हा सांगितलं नाही.

तीस तारखेला संध्याकाळी निवड जाहीर झाली. त्यासाठी कर्णिकांना खास चहाला बोलावलं होतं. पेडणेकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या होत्या, दोन्ही चालत होत्या, चाकाचा पत्ता नव्हता. काम चोख होतं, ते कबूल करायला हवं. एक महिना लागला एवढंच.

"डावीकडे बाबांचं रेकॉर्डिंग, उजवीकडे हिची फाइल," ते कर्णिकांना सांगू लागले. "आता हिला सुरुवात करायला हरकत नाही." उजवीकडच्या खिडकीत पानं सरकायला लागली. एक, चार, नऊ. "अरेच्चा, हे तर भरलेलं दिसतंय."

"भरलेलंच आहे," दर्शना चहाचे कप ठेवत म्हणाली. "सोळाव्या मिनिटावर थांबा. डावीकडेही तेच मिनिट लावा. म्हणजे नीट तपासून होईल."

त्यांनी लावलं. डावीकडून स्पृहा विचारत होती, "आजोबा, तुमचा मुलगा काय करतो?"

आणि कोंडीरामांचा आवाज खोलीभर झाला. "दोन साचे चलवणारे बघलंय, चार चलवणारे बघलंय. ह्यो आमचो एक पन चलवणा नाय. जॉबरासारखो नुसतो साच्यांभोवती फिरता."

उजवीकडच्या खिडकीत तेच शब्द, त्याच ओळीनं, स्वच्छ टाइप केलेले. कर्णिक वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आवाज फारच सुरेख येतोय हो."

पेडणेकरांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दोन्हीकडे तेच होतं. रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडंच राहिलं.

"काय म्हणता तो डबो?" खाटेवरून कोंडीराम ओरडले.

दर्शना त्यांच्या कानाशी वाकली. "तुमचाच आवाज हा, बाबा!"

"माझो? मगे बरोबरच आसतला."

दर्शना खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "उठा आता," ती म्हणाली. "अजून आठ रेकॉर्डिंगं बाकी आहेत, मला बसायचंय."

पेडणेकर उठले. काहीही विचार न करता, लगेच उठले.