तुमचा कुत्रा जिवंत हाय ना?

सारसोळे कोळीवाड्यातल्या गोजराबाईला दोन गोष्टी आयुष्यात कधी हळू करता आल्या नाहीत, चालणं आणि बोलणं. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन ती तीस वर्षं नेरुळच्या सोसायट्या पालथ्या घालत होती. तिची 'म्हावरं घ्याऽऽ' ही हाक चौथ्या मजल्यावरच्या बंद काचेतून आत शिरायची आणि टीव्हीवर भांडणाऱ्या लोकांनाही गप्प करायची. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली, की मासा परत पाटीत टाकून ती म्हणायची, "वरन-भात खा, पोटाला बरा." एवढं ऐकून घेऊनही लोक तिच्याकडूनच घ्यायचे, कारण तिची कोलंबी खरोखर ताजी असायची.

अशा बाईला सागरवैभव सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांचा ब्रुनो चावला. ब्रुनो तगडा जर्मन शेफर्ड. नंदकुमार त्याला पट्टा लावत नसत. त्याला स्वातंत्र्य आवडतं, असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगायचे. त्या सकाळी जिन्यात ते स्वातंत्र्य आणि गोजराबाईची पोटरी समोरासमोर आली. चार दात खोल रुतले. नंदकुमार वरून म्हणाले, "घाबरू नका मावशी, तो खेळतोय."

गोजराबाई लंगडत घरी आली आणि तिने चूल पेटवली. शिंगाळा माशाचा विषारी काटा घुसला, की त्यांच्या आळीत एकच औषध. चुना आणि हळद गरम करून थापायची, वर फडकं आवळायचं. असे कितीतरी काटे तिने अंगावर जिरवले होते. दात काय नि काटा काय, असा तिचा सरळ हिशेब. मेडिकलच्या दुकानात काम करणारी सून संध्या दुपारी जेवायला घरी आली. तिने ते फडकं बघितलं आणि ताट तसंच ठेवून सासूला मोरीत नेलं. लेप खरवडून काढला, पाय नळाखाली धरला आणि मोबाईलवर पंधरा मिनिटं लावून साबणाने धूत राहिली.

"सोड गो, चुना लावलाय ना मी."

"आई, शिंगाळा कधी पिसाळतो का?"

गोजराबाईने पाय आपणहून नळाखाली पुढे सरकवला.

सरकारी दवाखान्यात जखमेभोवती सुया टोचल्या, दंडात लस दिली, पैसे घेतले नाहीत. कार्डावर पुढच्या तारखा लिहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकही चुकवायची नाही. आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो आजारी पडला, मेला किंवा नाहीसा झाला, तर लगेच येऊन सांगा."

गोजराबाईने परत येताना ते कार्ड पदराच्या गाठीत घट्ट बांधलं. तिचा धाकटा भाऊ गंगाराम नऊ वर्षांचा असताना त्याला गावातलं कुत्रं चावलं होतं. दोन महिन्यांनी खाडीत सूर मारणारं ते पोर पेल्यातल्या पाण्याला भ्यालं. घोट समोर आणला, की घसा आवळायचा, डोळे फिरायचे. तिसऱ्या दिवशी गेलं. त्यालाही आईने चुना-हळदच लावली होती, हे तिला आत्ता आठवलं. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर वॉचमन कृष्णातने तिला अडवलं. नवी नोटीस लागली होती. मासे विकणाऱ्यांच्या वासाने पाळीव प्राणी बिथरतात, सबब त्यांस प्रवेश बंद. "मावशे, माझा नाइलाज हाय," कृष्णात मान खाली घालून म्हणाला. पाठोपाठ नंदकुमार एक कागद घेऊन उतरले. चूक माझी होती, मी कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला, असं त्यात टाईप केलेलं होतं. खाली सही केली, की प्रवेश सुरू.

"कुत्र्याच्या सुयांचं पुस्तक दाखवा आदी," गोजराबाई म्हणाली.

"ते पुण्याला राहिलंय."

कुत्रा नेरुळात आणि पुस्तक पुण्यात. गोजराबाईने सही केली नाही. संध्याने त्याच दुपारी सासूला पोलीस ठाण्यात नेलं. हवालदार म्हणाला, आपसात मिटवा, शेजारधर्म आहे. संध्याने दवाखान्याचा कागद, जखमेचे फोटो आणि नोटिशीचा फोटो टेबलावर मांडला. "जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडलं, तर मालकावर गुन्हा होतो ना साहेब? मग तेवढंच लिहा." हवालदाराने जांभई दिली, पण लिहिलं, आणि प्रतही दिली.

आता प्रश्न उरला कुत्र्यावर लक्ष ठेवायचा. आत जायची बंदी होती, ओरडायची नव्हती. रोज सकाळी नऊला, अख्खी सोसायटी डबे घेऊन बाहेर पडायच्या वेळी, गोजराबाई गेटबाहेर पाटी उतरवायची आणि तोंड वर करून हाक द्यायची, "सेक्रेटरी शेऽऽट! तुमचा कुत्रा जिवंत हाय ना?"

पहिल्या दिवशी नंदकुमारांनी पडदा ओढला. पण उत्तर मिळेपर्यंत ती थांबायची नाही. शेवटी त्यांच्या बायकोला, जयमालाताईंना, गॅलरीत येऊन सांगावं लागायचं, "आहे मावशी, आत्ताच दूधपोळी खाल्ली." चौथ्या दिवशी शाळेच्या बसमधली पोरंही तोच प्रश्न एका सुरात विचारू लागली. लोक चौकशीला खाली यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून बोंबील घेऊन जायचे. आतमध्ये व्हायची त्याहून जास्त विक्री गेटवर व्हायला लागली. पण तिचं निम्मं लक्ष गॅलरीकडेच असायचं.

दहाव्या दिवशी नंदकुमार स्वतः ब्रुनोला घेऊन उतरले. गळ्यात पट्टा, तोंडाला जाळी.

"बघा. ठणठणीत आहे."

"जाली काढा. त्याला पानी द्या."

नंदकुमारांनी जाळी सोडली, कृष्णातने आपल्या डब्याचं झाकण पाण्याने भरून पुढे ठेवलं. ब्रुनोने वास घेतला, मान वाकवली आणि लपलप करत सगळं पाणी पिऊन टाकलं. वर झाकण चाटलं. गोजराबाई मटकन कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. इतक्या वर्षांत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं. कृष्णात उगाच गेटची कडी पुसत राहिला.

नंदकुमारांना मात्र ही वेळ बरी वाटली. "झालं ना समाधान? आता तक्रार मागे घ्या, मी नोटीस काढतो."

गोजराबाईने नाक पुसलं. पाटीतली एक कोलंबी सोलून ब्रुनोपुढे टाकली.

"कुत्र्यावर माजा राग नाय, शेट. तक्रार त्याच्यावर केलेलीच नाय."

तेवढ्यात वरून जयमालाताईंनी हाक मारली, "मावशी, पापलेट असेल तर वर या." कृष्णातने नोटिशीकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं आणि गोजराबाईच्या पाटीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. नंदकुमार तोंड उघडणार, तोच ती त्यांच्या शेजारून लंगडत गेटच्या आत गेली.

"पट्टा घट्ट धरा, शेट," ती म्हणाली. "मी जिन्याने जाते."