नियम जाहीर झाला त्या दिवशी

कॅशलेस विमा कोल्हापुरात नवानवा आला होता, तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. आधी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात दाखल झाल्यावर विमा कंपनीची मंजुरी मागवली होती, ती लगेच आली होती. या वेळीही आम्ही तसंच केलं. हे हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर आडवे झाले आणि निरोप आला, मंजुरी नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनला आता चार दिवस आधी कळवावं लागतं म्हणे. स्ट्रेचर मागं फिरलं. भेटायला आलेल्या कुरुंदवाडच्या पाहुण्यांसमोरून ह्यांना घरी आणलं.

मी तडक शाहूपुरीत कंपनीच्या ऑफिसात गेले.

"नियम बदलला, तर आम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबानं कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. "जाहीर केलाय की! येऊन वाचायचं तुम्ही." आणि हसला.

तो हसला नसता तर मी कदाचित गप्प बसले असते.

नव्यानं कळवलं, पण चार दिवस व्हायच्या आतच ह्यांना ताप भरला. पित्ताशयात पू झाला, घाईनं पोट फाडावं लागलं. हे वाचले, पण अंथरुणाला खिळून राहिले. उशाशी बसल्या बसल्या मला त्या माणसाचं हसू दिसायचं.

माझा भाऊ रिक्षावर भोंगा लावून सेलच्या जाहिराती पुकारायचा. त्याला म्हटलं, "गाडी काढ."

"अक्का, पोलीस धरतील की!"

"धरू देत."

ऐन गर्दीच्या वेळी ऑफिससमोर रिक्षा लावली आणि माइक मीच घेतला. "पावणं, ऐका! विमा कंपनीनं नियम बदललाय, पर सांगितला न्हाय! ऑपरेशनच्या चार दिवस आधी कळवा, न्हायतर स्ट्रेचरवरनं घरी याल! वाचायचा असंल तर वर जावा, साहेबांच्या कपाटात हाय!"

पेठ वडगावचे एक म्हातारबा थबकले. "आमच्या हिचं पुढच्या आठवड्यात हाय की ऑपरेशन!" ते जिना चढले. त्यांच्यामागनं आणखी माणसं गेली. वर आवाज चढले. शेवटी साहेब कपाटावरचा तो कागद काढून घेऊन घामाघूम होऊन खाली आला.

"बाई, बंद करा. उद्या दारावर लावतो."

"आत्ता वाचा," म्हणून मी माइक त्याच्या तोंडापुढं धरला.

तो पुटपुटला. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" त्यानं पहिल्यापासून वाचलं, अडखळत, मधे मधे घाम पुसत. मी त्याच्या तोंडाकडं बघत उभी होते. मला जराही दया आली नाही. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "परत एकदा. मागच्यांना ऐकू आलं न्हाय."