सवतीचं मटण

माझे सासरे बुद्धाच्या देशात राहून आले होते आणि तिथून त्यांनी आणलं काय, तर एक मटण.

मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण काही महिने सयामात होती. आता त्या देशाला थायलंड म्हणतात, पण मामाजी शेवटपर्यंत सयामच म्हणत. हवालदार होऊन ते धामणगाव बढ्याजवळच्या आपल्या गावी परतले आणि वांगी-मिरची लावू लागले. तेव्हा त्यांना तिथलं कुणी काही विचारलं नाही. पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि हवालदाराचा भाव एकदम वधारला. अख्ख्या पंचक्रोशीत बौद्ध देश डोळ्यांनी पाहिलेला हा एकच माणूस! मी लग्न होऊन आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, वस्तीचा बौद्धपणाही नवाच होता. दर पौर्णिमेला वंदना आटोपली की मंडळी मामाजींना घेरून बसत.

"हवालदार, तिथले भन्ते कसे असतात हो?"

"चांगले असतात. सकाळीच भिक्षेले निघतात," मामाजी म्हणत. "आन् तिथलं मटन सांगू का तुमाले? कोरडं. रस्सा नाही, काही नाही. पन एक घास घेतला का कानातून धूर निघते!"

विहाराचं विचारा, मूर्तीचं विचारा, गाडी फिरून मटणावरच येई. ते शिकवलं कुणी, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "होता एक खानसामा."

आमच्या वस्तीच्या समितीचे अध्यक्ष हे ऐकून ऐकून कंटाळले. त्यांना स्वतःच्या तिखट खाण्याचा फार अभिमान. एका पौर्णिमेला ते म्हणाले, "नुसतं सांगूनच राह्यले तुमी. एकडाव खाऊ घाला. आपल्या ठेच्यापुढं तुमचं सयाम किती टिकते ते पाहू."

मामाजींना तेवढंच हवं होतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बेत ठरला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधीच बजावलं, "माह्या चुलीले मानसाचा हात लागाचा नाही." म्हणून मामाजींनी अंगणात कागदी लिंबाच्या झाडाखाली तीन दगड मांडले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पाट्यावर मी.

मटणाचा त्यांनी कोयत्यानं अगदी बारीक खिमा केला. मला वाटायला दिल्या वाळक्या लाल मिरच्या, लसूण, मिरे, ओली हळद. वर बाजारातली सुकट, कारण तिथली झिंग्याची काळी चटणी आमच्याकडे कुठून येणार? मग न्हाणीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा त्यांनी उपटून आणला.

"मामाजी, हा तं चहात टाकतात."

"सयामात मटनात टाकतात. वाट."

दारातून आवाज आला, "घ्या! मटनाले चहा पाजून राह्यले."

जर्मनच्या पातेल्यात ते वाटण पडलं आणि शेजारची तीन घरं खोकायला लागली. मामाजी डोळे पुसत उलथनं फिरवत होते. मटण बुडाला लागतंय असं दिसलं, म्हणून मी तांब्या पुढे केला. मामाजी ओरडले, "पानी नको! पानी टाकलं का रागवायची ती माह्यावर!"

उलथनं थांबलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी मामाजींकडे, आणि मामाजींनी लिंबाच्या झाडाकडे. मग त्यांनी झाडाची कोवळी पानं तोडली, बारीक चिरली आणि पातेल्यात टाकली. तेवढ्यात पाहुणे आले.

पाहुण्यांचं पहिलं दुःख रश्श्याचं. भाकरी कुस्करून सगळे वाट पाहत बसले. "रस्सा मागून येते काय?" एकानं हळूच विचारलं. येत नाही हे कळल्यावर अध्यक्षांनी मोठा घास घेतला आणि म्हणाले, "हॅ, यात काय..." पुढचं वाक्य आलंच नाही. कपाळावर घाम, नाकाला धार. पाणी मागावं तर इज्जत जाते. शेवटी ते "जरा हात धुतो" म्हणून उठले आणि हात धुवायच्या बादलीतलंच पाणी ओंजळीनं घटाघटा प्यायले. त्या महिन्याची सभा उपाध्यक्षांनी चालवली. बाकीच्यांनी मात्र खोकत, शिव्या देत पातेलं पुसून खाल्लं.

पाहुणे गेले. आत्याबाई भांडी घासायला बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "खानसामा बाई होती व्हय?"

"म्हातारी होती वं," मामाजी म्हणाले. "छावनीजवळ खानावळ होती तिची. तोंडात एक दात नोहता."

"दात नोहते तं मटन कायनं खाये?"

"म्हनून तं खिमा करे!"

उत्तर इतकं चोख होतं की आत्याबाईंचा संशय पक्का झाला.

भांडण मात्र झालं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यात पाणी वाढलं. वरणात पाणी, वांग्याच्या भाजीत पाणी, पिठलं तर भांड्यातून ओतता येई. मामाजी मुकाट भुरकत. माघार कधी घ्यायची हे फौजेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. माझा नवरा मला विचारी, "आईले झालं काय?" मी म्हणे, "मले काय माहीत?" असं मजेदार प्रकरण मी त्याला सांगून कशाला संपवू?

पावसाळ्यात मामाजींना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, दूध नको, खिचडी नको. अंगावर हाडंच राहिली. डॉक्टर म्हणे, हळूहळू खातील. आत्याबाईंना हळूहळू काही जमत नसे. बाजाराच्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला मटण आणायला पिटाळलं आणि गवती चहा स्वतः उपटला. स्वतःच्या चुलीवर पातेलं चढवलं.

"आत्याबाई, लिंबाची पानं शेवटी..."

"मले दिसत होतं दारातून," त्या म्हणाल्या.

त्यांनी मऊ भातावर ते वाढलं आणि ताट खाटेपाशी नेऊन आदळलं. मामाजींनी वास घेतला, दचकून वर पाहिलं.

"काय हाय हे?"

"सवतीचं मटन. खा."

त्यांनी घास घेतला. खोकले. दुसरा घेतला. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं, तरी हात थांबेना. ताट अर्धं झाल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "तिच्यासारखं झालं का?"

लढाईवरून जिवंत परतलेल्या माणसानं आणखी एक घास तोंडात घोळवून पाहिला.

"मीठ तिचं जास्त राहे," ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. पण आत्याबाई हसल्या. "बोलले एकदाचे खरं," म्हणाल्या आणि आत जाऊन स्वतःसाठी ताट वाढून आणलं. नवऱ्याच्या आधी किंवा बरोबर त्या कधी जेवल्या नव्हत्या. त्या दिवशी समोर मांडी घालून बसल्या, एक घास खाल्ला, तिखटानं सुस्कारल्या.

"म्हातारी नोहती ना?"

"नोहती."

"नाव काय होतं?"

मामाजींनी सांगितलं. गाण्याच्या चालीसारखं काहीतरी नाव होतं. आत्याबाईंनी म्हणून पाहिलं, चुकलं. मामाजींनी परत सांगितलं, पुन्हा चुकलं.

"भलतंच अवघड नाव हाय बाईचं," असं म्हणत त्यांनी मामाजींच्या ताटात आणखी भात वाढला.