पलीकडची पाटी

भीमेने आम्हाला कधी तोडलं नाही. पलीकडची वस्ती शिरूर तालुक्यात, अलीकडची आमची दौंडमध्ये. पण आडनाव एक, देव एक, वस्तीचं नावही एकच. ही एकी गेल्या वर्षी पलीकडे पाटी लागेपर्यंत टिकली.

त्यांची वेगळी ग्रामपंचायत झाली. पुलाच्या टोकाला निळ्या पाटीवर ते समाईक नाव चढलं आणि त्यांचं झालं. आम्ही कागदोपत्री एका लांबच्या गावाचा वॉर्ड. धाकटा चुलतभाऊ सरपंच झाला आणि फोनवर "दादा, आमच्या गावाला या की कवातरी" म्हणू लागला. जेवताना ते आठवलं की मी अर्धी भाकरी टाकून उठायचो.

मग मीही अर्ज केला : आमचं गाव वेगळं करा. माणसं कमी पडत होती, म्हणून कुरकुंभच्या कंपनीत लागून तिकडेच राहिलेले, पुण्यात भाड्याने राहणारे आणि सासरी गेलेल्या दोन आत्या यादीत घातल्या. तालुक्याहून उत्तर आलं, माणूस येऊन घरोघर मोजणी करील. तारीख दिली नव्हती.

त्याच आठवड्यात चुलतभाऊ दारात. "दादा, हापिसाचं उद्घाटन हाय. साऱ्या वस्तीला चूलबंद आवतान."

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला जायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. एक माणूस जरी घरी राहिलं तरी यजमानाचा अपमान.

"मला जमायचं न्हाई," मी म्हणालो.

तो गेल्यावर आई म्हणाली, "चल की रं. नव्या भिंतीला वल आलीय म्हणत्यात. बघून तरी येऊ."

हा मुद्दा मला पटला. वस्तीभर कुलपं लागली. सगळे पूल ओलांडून गेलो.

भिंतीला ओल नव्हती, टाइल्स होत्या. एका पाहुण्याने 'नदीकाठच्या इतिहासातला सुवर्णदिन' असं तीनदा म्हटलं. मटणही चांगलं होतं. तेवढंही चुलतभावाने बिघडू दिलं नव्हतं. मी दोनदा वाढून घेतलं.

पंधरा दिवसांनी मोजणीचा अहवाल आला. तारीख उद्घाटनाचीच. 'सर्व घरे कुलूपबंद. अंगणातील चुली थंड. वस्तीवर वास्तव्य दिसून येत नाही. लोकसंख्या निरंक. एक शेळी चरताना आढळली.'

शेळी पलीकडची होती.