विदर्भाच्या जागेवर

छत्तीसगड राज्य नवं झालं, त्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. मी कॉलेजात होते. आमचं घर राजधानीतल्या गुढियारी मोहल्ल्यात. बाबा रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून. घरात एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर मी क्रिकेटचा गेम खेळायची.

बनवणाऱ्या कंपनीनं तो गेम केव्हाच सोडून दिला होता. पण ठिकठिकाणची पोरं त्याच्या फायली उघडून नवे खेळाडू, नव्या जर्सी भरायची आणि इंटरनेटवरच्या एका फोरमवर ते पॅच फुकट वाटायची. सदर बाजारातल्या सायबर कॅफेतून मी ते पेन ड्राइव्हवर आणायची. एका पॅचमध्ये आपल्या राज्यांचे संघ होते. मुंबई, बंगाल, विदर्भ. छत्तीसगड नव्हता. राजधानी होऊन आमच्या शहरातल्या पाट्या बदलल्या होत्या, पण गेममध्ये आम्ही नव्हतोच.

म्हणून मीच बनवायला घेतला. जर्सी रंगवली, मोहल्ल्यातल्या पोरांची नावं टाकली. शेवटी कळलं, संघांच्या जागा ठरलेल्या आहेत. नवा घालायचा तर जुना मिटवावा लागतो. विदर्भाकडून कोण खेळतं, असं म्हणून मी त्याच्यावर आमचा चढवला आणि फोरमवर टाकूनही दिला.

रविवारी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी संघांची यादी दोनदा वाचली.

"विदर्भ दिसून नाही राहिला," ते म्हणाले.

मी हिंदीत सांगितलं की जागा नव्हती. ते मराठीत बोलत, मी हिंदीत उत्तर देई; आमचं तसंच चाले. ते आत गेले. मग आईनं सांगितलं, लग्नाआधी विदर्भात असताना ते डावखुरी फिरकी टाकत आणि तिथल्या संघाच्या निवडीसाठी नागपूरला गेले होते. मला हे ठाऊकच नव्हतं. मी आपली एक फाइल बदलली होती, एवढंच मला वाटत होतं.

फोरमवर अकोल्याच्या एका मुलानंही विचारलं होतं, आमची टीम काहून मिटवली? मी आईला विचारून विचारून, रोमन अक्षरांत, मराठीत माफी मागितली. त्याचा राग निवला. संघांची संख्या वेगळ्याच फायलीत लिहिलेली असते, ती वाढव, असं त्यानं तीन लांबलचक मेसेज लिहून समजावलं. पंधरा दिवस गेम सुरू होताच बंद पडत होता. मग एका संध्याकाळी दोन्ही संघ यादीत दिसले.

मी बाबांना बोलावलं. "बाबा, तुमाले कोणत्या टीममधी टाकू?"

माझ्या तोंडून मराठी ऐकून ते जरा थबकले. मग यादीतल्या छत्तीसगडावर त्यांनी बोट ठेवलं.

"त्यायनं मले घेतलं नोहोतं," ते म्हणाले. "इथंच टाक."

मी त्यांचं वय बावीस लिहिलं. गेममधली गोलंदाजीची एकही ढब त्यांना पटेना. पलंग आणि टेबलाच्या मधल्या जागेत उभं राहून त्यांनी हात फिरवून दाखवला. मग मी त्यातल्या त्यात जवळची निवडली. पहिल्याच षटकात त्यांना षटकार बसला. त्यांचं म्हणणं पडलं, मी फील्डर फार आत ठेवला होता.

अकोल्याच्या मुलाला मी हे कळवलं. काकांना दोन मॅच आमच्याकडूनही खेळू द्या, असं त्यानं लिहिलं. ते बाबांना वाचून दाखवलं.

"पाहू म्हना," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.